कॅम्पिंगसाठी हलकी चेनसॉ: वजन कशामुळे कमी झाले आहे ते आधी पाहा

चेनसॉ हलकी करण्याचे मार्ग मोजकेच आहेत. बार (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी) आखूड करायचा, मोटार किंवा इंजिन लहान बसवायचे, बॅटरी छोटी द्यायची, नाहीतर चेन झटकन थांबवणारा चेन ब्रेक, पुढचा हँडगार्ड, आपोआप तेल सोडणारा पंप असले भागच काढून टाकायचे. पहिल्या तीन मार्गांनी यंत्राची क्षमता कमी होते, आणि शेकोटीपुरते लाकूड कापायला तेवढी कमी क्षमता चालून जाते. चौथ्या मार्गाने मात्र तुमची सुरक्षितता कमी होते. विक्रीला ठेवलेल्या या दोन्ही प्रकारच्या यंत्रांवर ‘हलकी’ असेच लिहिलेले असते. म्हणून पहिल्यांदाच चेनसॉ घेणाऱ्याने ‘किती हलकी’ याच्या आधी ‘कशामुळे हलकी’ हे विचारावे, असे मला मनापासून वाटते. हा लेख त्याच प्रश्नाभोवती आहे.

१. आधी लाकूड मोजा

शेकोटीला लागणारे बरेचसे लाकूड मनगटाएवढ्या जाडीचे असते. ५ ते ८ सेंमी जाडीची वाळलेली फांदी चांगल्या घडीच्या करवतीने मिनिटाच्या आत कापून होते. ती करवत अर्धा किलोही भरत नाही, आवाज करत नाही आणि तिला इंधन लागत नाही. दोन-तीन माणसे एखाद्या रात्रीसाठी जात असतील, तर चेनसॉ घरीच राहू द्या. पाठीवर सामान घेऊन चालत जायचे असेल तर हा विचार सोडूनच द्या, कारण चेनसॉसोबत येणारा बाकीचा पसारा पाठीवर वाहण्यासारखा नसतो.

ओंडके १० ते २५ सेंमी जाडीचे असतील, मुक्काम अनेक रात्रींचा असेल, माणसे बरीच असतील किंवा कडाक्याच्या थंडीत तंबूतला स्टोव्ह रात्रभर पेटता ठेवायचा असेल, तेव्हा चेनसॉचा खरा उपयोग होतो. अशा वेळी साधा हिशेब करून पाहा. तीन मीटर लांबीच्या ओंडक्याचे ३० सेंमीचे दहा तुकडे करायला नऊ काप लागतात. रात्रीला असे दोन ओंडके पुरणार असतील तर रोजचे अठरा काप झाले. हा आकडा हाताशी ठेवा, बॅटरी निवडताना कामाला येईल.

तुकड्याची लांबीही आधीच ठरवा. उघड्या शेकोटीला ३० ते ४० सेंमी ठीक असते. तंबूच्या स्टोव्हचे तोंड मात्र लहान असते, त्यामुळे त्याची आतली लांबी मोजून त्यापेक्षा थोडे कमीच कापावे लागते. तुकडे आखूड झाले की कापांची संख्या वाढते.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. चेनसॉने ओंडक्याचे फक्त गोल तुकडे होतात. १५ सेंमी जाडीचा गोल तुकडा तसाच आगीत टाकला तर तो नुसता धुमसत राहतो. तो फोडायला कुऱ्हाड लागतेच, तेव्हा तिचेही वजन सामानात धरा.

या पायरीवरच परवानगीची चौकशीही उरकून घ्या. अनेक जंगलांत पडलेले लाकूड उचलायलाही मनाई असते. कुठे कोरड्या हंगामात पेट्रोलवरची यंत्रे बंद असतात, कुठे धुराड्यावर ठिणगी अडवणारी जाळी सक्तीची असते, तर कुठे ठरलेल्या वेळेनंतर आवाज चालत नाही. जिथे जायचे तिथला नियम पेट्रोलला नकार देत असेल, तर तुमची निम्मी निवड तिथेच होऊन जाते.

२. बारची लांबी: २५ ते ३५ सेंमी पुरे

ज्या लांब पट्टीवरून चेन फिरते तिला बार म्हणतात. ओंडक्याच्या जाडीपेक्षा बार सुमारे ५ सेंमी लांब असावा, हा साधा नियम. म्हणजे २० सेंमीच्या ओंडक्याला २५ सेंमीचा, अर्थात १० इंची बार पुरतो. १२ इंची बार कॅम्पिंगच्या जवळजवळ सगळ्या लाकडांना पुरून उरतो आणि १४ इंच ही माझ्या मते वरची मर्यादा. खोक्यावर लिहिलेली लांबी आणि प्रत्यक्ष कापणारी लांबी यांत थोडा फरक असू शकतो, तेव्हा बारचा यंत्राबाहेर आलेला भाग मोजून पाहा.

मोठा बार घेतला की मोठेही कापता येईल, असे वाटणे साहजिक आहे. पण छोट्या मोटारीवर लांब बार बसवला की चेन फिरवण्यातच ताकद जाते, यंत्राचा तोल पुढे झुकतो आणि बारचे टोक नजरेपासून लांब जाते. टोक कुठे टेकते आहे हे न दिसणे किती धोक्याचे, ते पुढे पाचव्या पायरीत येईल.

३. वजनाचा आकडा नीट वाचा

‘स्टील’ (Stihl) या चेनसॉ कंपनीचे संस्थापक आंद्रेयास स्टील यांनी १९२६ मध्ये बनवलेली विजेवरची चेनसॉ सुमारे ४८ किलोची होती आणि ती चालवायला दोन माणसे लागत. त्याच कंपनीची १९५९ ची ‘कॉन्ट्रा’ १२ किलोची होती आणि एकट्याने चालवता येई. आज चार-पाच किलोचे यंत्र कोणालाही सहज मिळते. या प्रवासामुळे वजनाचा आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरांत आला, आणि तो छोटा दिसावा म्हणून मोजण्याची पद्धतही सोयीची निवडली जाऊ लागली.

पेट्रोलच्या चेनसॉचे वजन बहुधा इंधन, बार आणि चेन वगळून दिलेले असते. उदाहरणार्थ, ‘स्टील’ कंपनीची एमएस १७० ही ३०.१ सीसीची लहान चेनसॉ कागदावर साधारण चार किलोची आहे. तिला बार आणि चेन लावली, टाकी भरली, तेल ओतले की हातात येणारे वजन पाच किलोच्या आसपास जाते. बॅटरीच्या यंत्रांत बॅटरीच वगळलेली असू शकते. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासाची बॅटरी साधारण ६०० ते ७०० ग्रॅमची असते आणि ३६ व्होल्टची बॅटरी किलोभर किंवा त्याहूनही जड भरते. म्हणून ‘२.८ किलो’ असे वाचले की पुढचा प्रश्न एकच विचारा: यात काय काय धरले आहे?

आता पूर्ण सामानाची बेरीज करा. यंत्र, बार-चेन, बारचे कव्हर, बॅटरी आणि एक जादा बॅटरी, किंवा पेट्रोलचा डबा, बार ऑइल म्हणजे बार-चेनला लागणारे वंगण, पाना, कानस, जादा चेन, पायावरचे संरक्षक चॅप्स, कान आणि डोळे झाकणारे हेल्मेट, हातमोजे. दोन-अडीच किलोच्या यंत्राचा संच पाहता पाहता सात-आठ किलोंचा होतो. यंत्रांमधल्या ३०० ग्रॅमच्या फरकावर डोके शिणवणाऱ्याने ही बेरीज एकदा जरूर करावी. बॅटरी जवळ असलेल्या दुसऱ्या अवजाराला, म्हणजे ड्रिलला वगैरे, चालत असेल तर त्याच कंपनीची चेनसॉ घेतल्याने चार्जर आणि जादा बॅटरीचा भार वाचतो. हा फरक त्या ३०० ग्रॅमहून फार मोठा आहे.

४. बॅटरी की पेट्रोल?

नवख्याने कॅम्पिंगसाठी बॅटरीचीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बटण दाबले की चालू, सोडले की चेन थांबते. दोरी ओढायला नको, पेट्रोलमध्ये तेल मिसळायला नको, गाडीत पेट्रोलचा वास नाही. दोन कापांच्या मध्ये यंत्र पूर्ण शांत असते, त्यामुळे ओंडका हलवताना किंवा सोबत्याशी बोलताना लक्ष विचलित होत नाही. समुद्रसपाटीपासून उंचावर हवा विरळ होते आणि पेट्रोलच्या इंजिनाची ताकद घटते. साध्या कार्ब्युरेटरमधली हवा आणि पेट्रोलची मात्राही तिथे बिघडते. बॅटरीच्या मोटारीला त्याचा फरक पडत नाही.

बॅटरीची खरी क्षमता व्होल्ट किंवा अँपिअर-तास यांपैकी एका आकड्यात दिसत नाही. दोन्हींचा गुणाकार करा, म्हणजे वॉट-तास मिळतात. १८ × ५ म्हणजे ९० वॉट-तास, ३६ × ४ म्हणजे १४४. काही यंत्रांवर ‘२० व्होल्ट मॅक्स’ किंवा ‘४० व्होल्ट मॅक्स’ लिहिलेले असते. प्रत्यक्षात त्या अनुक्रमे १८ आणि ३६ व्होल्टच्याच बॅटऱ्या आहेत, नुकत्या चार्ज झालेल्या अवस्थेतला चढा आकडा तेवढा छापलेला असतो.

आता तो कापांचा हिशेब पुढे नेऊ. यंत्र कापताना साधारण १ किलोवॅट खेचते असे धरले, तर १४४ वॉट-तासांत आठ-साडेआठ मिनिटे सलग कापता येईल. एका कापाला १० सेकंद लागत असतील तर पन्नासेक काप झाले. लाकूड कठीण आणि वाळलेले असेल किंवा चेन बोथट असेल, तर यातले बरेच कमी होतील. जाहिरातीतली कापांची संख्या अनेकदा मऊ लाकडाच्या चौकोनी तुकड्यांवर मोजलेली असते, म्हणून तुमच्यासाठी तिच्या निम्मी धरणे शहाणपणाचे. रोज अठरा काप लागणाऱ्याला अशी एक बॅटरी दिवसाला निवांत पुरते. चार दिवसांचा मुक्काम असेल तर जादा बॅटरी किंवा गाडीतून चार्ज करण्याची सोय हवी.

थंडीत लिथियम बॅटरीची क्षमता घटते. रात्री ती तंबूत, अंथरुणाजवळ ठेवा. शून्य अंशाखाली थिजलेली बॅटरी तशीच चार्जिंगला लावू नका, आधी तिला उबेत येऊ द्या, नाहीतर आतली रसायने कायमची बिघडतात.

पेट्रोलची चेनसॉ कोणी घ्यावी? जिथे आठवडाभर वीज मिळणार नाही, लाकूड जाड आहे, काम रोज तासन्‌तास आहे आणि टू-स्ट्रोक इंजिन सांभाळायची सवय आहे, त्याने. यात पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल मिसळावे लागते. ५०:१ म्हणजे एका लिटरला २० मिलि तेल, ४०:१ म्हणजे २५ मिलि. प्रमाण त्या यंत्राच्या पुस्तिकेत असेल तेच पाळा. नुसते पेट्रोल घातले तर पिस्टन जळून इंजिन अडकते. मिश्रण महिनोन्‌महिने ठेवू नका, सहलीपुरतेच बनवा. इंधन भरताना इंजिन थंड झालेले हवे, शेकोटी लांब हवी, आणि सुरू करण्यापूर्वी भरलेल्या जागेपासून किमान तीन मीटर बाजूला सरकायचे.

आवाजाचाही विचार करा. पेट्रोलची चेनसॉ चालवणाऱ्याच्या कानाशी १०० डेसिबलच्या वर जाते. ८५ डेसिबल आठ तास हे सुरक्षित धरले, तर आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होत जातो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे उरतात. बॅटरीची चेनसॉ पुष्कळ शांत असली तरी कान तिच्यासाठीही झाकायलाच हवेत.

५. इथे तडजोड नको

बारच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला लागला की फिरणारी चेन तिथे अडखळते आणि सगळा जोर उलटून बार वर, थेट चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळतो. याला किकबॅक म्हणतात. हे इतके झटकन घडते की माणसाला हात आवरायला वेळच मिळत नाही. म्हणूनच चेन ब्रेक असतो. तो पुढच्या हँडगार्डला मनगट आदळल्यावर लागतो, आणि बऱ्याच यंत्रांत नुसत्या झटक्यानेही लागतो. चेन सेकंदाच्या लहानशा अंशात थांबते.

आता बाजारातल्या एक-दीड किलोच्या, ४ ते ६ इंची बारच्या छोट्या ‘मिनी’ चेनसॉंकडे पाहा. त्या बागेतल्या फांद्या छाटण्यासाठी चांगल्या आहेत. मात्र अनेकींना चेन ब्रेक नसतो, तेलाचा पंप नसतो आणि त्या एका हाताने धरायच्या असतात. मोकळा राहिलेला दुसरा हात सवयीने फांदी धरायला पुढे जातो, म्हणजे नेमका चेनच्या वाटेत. ७-८ सेंमीपर्यंतच्या फांद्यांसाठीच यंत्र हवे असेल तर मिनी घ्या, पण दुसरा हात कुठे ठेवायचा हे आधी ठरवा. त्याहून जाड ओंडक्यांसाठी मी ती कोणालाही सुचवणार नाही.

दुसरा मोहात पाडणारा प्रकार म्हणजे वरून मूठ असलेली चेनसॉ. पेट्रोलवर चालूनही ती अडीच-तीन किलोंची असते, देखणी असते, ताकदवान असते. ती दोराने झाडावर चढून काम करणाऱ्या प्रशिक्षित लोकांसाठी बनवलेली आहे आणि तिच्या पुस्तिकेतही तसे लिहिलेले असते. दोन्ही मुठी जवळजवळ असल्याने बार उसळला तर तो आवरायला हातांना पुरेसा आधार मिळत नाही. जमिनीवर ओंडके कापणाऱ्या नवख्याने मागे मूठ असलेलीच घ्यावी.

चॅप्स म्हणजे पायांवर बांधायचे संरक्षण. त्यात लांब, चिवट धाग्यांचे थर असतात. चेन लागली की ते धागे ओढले जाऊन यंत्राच्या चाकात गुंततात आणि चेन अडकते. युरोपीय मानकाप्रमाणे वर्ग १ चे चॅप्स सेकंदाला २० मीटर वेगाच्या चेनपर्यंत तपासलेले असतात. यंत्राच्या माहितीपत्रात चेनचा वेग दिलेला असतो, दोन्ही आकडे जुळवून पाहा. बॅटरीची मोटार अडकल्यावरही जोर लावत राहते, म्हणून चॅप्स आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. पैसे कमी पडत असतील तर यंत्र एक पायरी खालचे घ्या, चॅप्स मात्र घ्याच.

६. चेनचा प्रकार

आजच्या चेनचा दाता जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याच्या निरीक्षणातून आला. लाकूड पोखरणारी अळी जबड्याने डावी-उजवीकडे कशी कुरतडत जाते हे त्याने पाहिले आणि त्या धर्तीवर एक डावा, एक उजवा असे कटर म्हणजे कापणारे दाते असलेली चेन १९४७ मध्ये विक्रीला आणली. हलक्या चेनसॉत आज ३/८ इंच लो-प्रोफाइल (कमी उंचीच्या दात्यांची) किंवा १/४ इंच पिचची चेन येते; पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचे माप. पाव इंची चेन बारीक काप घेते, तिला ताकद कमी लागते, म्हणून छोट्या बॅटरीला ती साजेशी. ३/८ लो-प्रोफाइल चेन मात्र अधिक सहज मिळते, आणि मुक्कामाच्या वाटेवर बदली चेन शोधायची वेळ आली तर हे फार मोलाचे ठरते.

कटरचा कोपरा कसा आहे ते विचारा. चौकोनी, टोकदार कोपऱ्याला फुल चिझल म्हणतात. स्वच्छ, मऊ लाकडात ती झरझर चालते, पण मातीचा एक ओरखडा बसला की धार जाते. गोलसर कोपऱ्याची सेमी-चिझल थोडी सावकाश कापते आणि धार जास्त काळ टिकवते. मुक्कामाच्या जागी मिळणारे लाकूड जमिनीवर पडलेले, माती लागलेले, वाळून टणक झालेले असते. तेव्हा सेमी-चिझल, आणि पाकिटावर ‘लो किकबॅक’ लिहिलेली.

जादा चेन घेताना पिच, गेज म्हणजे बारच्या खाचेची रुंदी, आणि ड्राइव्ह लिंकची, म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची, संख्या हे तीनही आकडे जुळले पाहिजेत. ते बहुतेक बारवरच कोरलेले असतात, फोनमध्ये फोटो काढून ठेवा. धारेसाठी गोल कानसही त्याच चेनच्या मापाची घ्या, ३/८ लो-प्रोफाइलला बहुधा ४ मिमीची लागते. भुशाऐवजी पिठासारखी भुकटी पडू लागली, किंवा यंत्र दाबावे लागले, की धार गेली समजा.

७. विकत घेण्यापूर्वी हातात धरा

बॅटरी लावून धरा. पुढची मूठ डाव्या हाताच्या अंगठ्याने पूर्ण वेढता येते का? हातमोजे घालून बटण आणि त्याची सुरक्षा-कळ दोन्ही दाबता येतात का? कमरेच्या उंचीवर मिनिटभर धरून उभे राहा, नुसते उचलून पाहिल्याने काही कळत नाही. चेन ताणण्याची सोय पाहा. हाताने फिरवायची चकती सोपी असते, पाना हरवण्याची भीती नसते. पान्याने आवळायच्या नटची पकड जास्त भरवशाची असते. कॅम्पिंगला मी चकती पसंत करतो. तेलाच्या टाकीला पातळी दिसणारी खिडकी आहे का तेही बघा.

८. निघण्याआधी एक दिवस सराव

अनोळखी जागी, मावळत्या उजेडात पहिल्यांदा चेनसॉ सुरू करू नका. जमले तर जाणत्या माणसाकडून तासभर शिकून घ्या. बार ऑइल भरा, चेन थंड असताना ताणा: बारच्या मध्यावर चेन वर ओढली की थोडी उचलावी आणि सोडताच खाली चिकटावी. नवी चेन पहिल्या काही कापांतच सैल पडते, थांबून पुन्हा ताणा. काम संपल्यावर ती जरा सैल करून ठेवा, कारण थंड होताना चेन आकसते आणि बारवर ताण येतो.

कापताना ओंडका कुठे टेकला आहे ते पाहणे सर्वांत महत्त्वाचे. दोन्ही टोकांना आधार असेल तर त्याची वरची बाजू दबलेली असते. आधी वरून एक तृतीयांश कापा, मग उरलेले खालून वर. एक टोक अधांतरी असेल तर उलट, आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. हे चुकले की फट मिटते आणि बार अडकून बसतो. बार जमिनीला लागू देऊ नका. खांद्याच्या वर यंत्र नेऊ नका, बारच्या रेषेत तोंड ठेवू नका, थकवा आला की थांबा. उभे वाळलेले झाड पाडणे हे नवख्याचे काम नाही, त्याच्या वरच्या सुक्या फांद्या धक्क्याने कोसळतात. पडलेलेच लाकूड कापा.

९. नेताना

जवळजवळ प्रत्येक चेनसॉ आडवी ठेवल्यावर थोडे तेल गाळते. टाकी रिकामी करून, बारला कव्हर घालून, खाली जुने फडके ठेवून ती बंद पेटीत न्या. बॅटरी वेगळी काढून ठेवा. विमानाने जायचे असेल तर १०० वॉट-तासांपर्यंतची सुटी बॅटरी हातातल्या सामानात नेता येते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते आणि त्याहून मोठी प्रवाशाला नेता येत नाही. खुद्द चेनसॉ चेक-इन सामानातच जाते. एकदा पेट्रोल भरलेले यंत्र वासामुळेही नाकारले जाऊ शकते, तेव्हा विमानाने जाणाऱ्याने १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासाच्या बॅटरीवर चालणारी १० इंची चेनसॉ पाहावी.